टोन्स नदी, पाच कयाकर आणि मे २०२५ मधला विमानतळ: सामानाच्या एका प्रकरणाचा अभ्यास

७ मे २०२५ च्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि दोन-तीन दिवसांत देशातल्या विमानप्रवासाची सगळी घडी बदलली. उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ १५ मेच्या पहाटेपर्यंत नागरी वाहतुकीला बंद राहतील असं जाहीर झालं. लेह, श्रीनगर, जम्मू, चंदीगड, भुंतर, कांगडा हे सगळे त्या यादीत होते. शस्त्रसंधीनंतर १२ मेला ते उघडले, पण ९, १० आणि ११ तारखेला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जे विमानतळ चालू होते तिथे बीसीएएसने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी खात्याने, बंदोबस्त कडक केला. सोडायला आलेल्यांना टर्मिनलमध्ये प्रवेश बंद झाला. विमान कंपन्या प्रवाशांना तीन तास आधी यायला सांगू लागल्या, चेक-इन उड्डाणाच्या ७५ मिनिटं आधी बंद होऊ लागलं आणि विमानात चढण्याआधी शिडीपाशी प्रत्येक प्रवाशाची व हातातल्या बॅगेची दुसऱ्यांदा तपासणी सुरू झाली.

अशा दिवसांत, रविवारी ११ मे रोजी, आमच्या पाच जणांच्या गटाचं पुणे-दिल्ली विमान होतं. जायचं होतं उत्तराखंडात मोरीला, टोन्स नदीवर. सोबत कयाकिंगचं, म्हणजे छोट्या बोटीतून खळाळत्या नदीत वल्हवत जाण्याचं, आणि तंबूत राहायचं सामान. गटाच्या सामानाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या सामानाचं काय झालं, कोणता निर्णय कशामुळे घेतला, कुठे अडलं आणि कुठे निभावलं, ते इथे सविस्तर मांडतो आहे. अशा सहलींना जाणारी मराठी मुलं-मुली आता बरीच आहेत. कोलाडला कुंडलिकेवर हात बसला की नजर हिमालयाकडे वळतेच, आणि तिकडच्या प्रवासात नदीइतकंच विमानतळानेही दमवलेली माणसं मी पाहिली आहेत.

गट आणि नदी

पाचांपैकी तिघं पुण्याचे, एक जण नाशिकचा आणि एक मैत्रीण अमेरिकेहून सुट्टीला आलेली. सगळे कुंडलिकेवर तयार झालेले. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून रोज सकाळी पाणी सुटतं, त्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यातही सराव होतो. टोन्सचं गणित वेगळं. नैटवाडजवळ रुपिन आणि सुपिन एकत्र येतात आणि तिथून तिला टोन्स म्हणतात. ती यमुनेची उपनदी, पण दोघी भेटतात तिथे पाणी जास्त टोन्सचंच असतं. एप्रिलच्या मध्यापासून बर्फ वितळून पाणी चढू लागतं, आणि एकदा पावसाळा लागला की नदीत उतरण्यात अर्थ नसतो. म्हणजे मिळून जेमतेम दोन महिने. पाचही जणांच्या रजा मे महिन्यातल्या. सहल पुढे ढकलणं म्हणजे वर्षभर थांबणं.

जावं की नाही, यावर तीन दिवस फोन चालू होते. घरच्यांचा विरोध होता आणि तो रास्त होता. एकीची आई रोज रात्री विचारायची, "अगं, तिकडे विमानं बंद आहेत आणि तुम्ही निघालात कुठे?" डेहराडून बंद विमानतळांच्या यादीत नव्हतं, दिल्लीही चालू होती आणि मोरी सीमेपासून लांब आहे. १० तारखेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली तेव्हा जायचं पक्कं झालं. पुण्यावरून निजामुद्दीनला जाणाऱ्या गोवा एक्स्प्रेसचा विचार झाला होता, पण मे महिन्यात ऐन वेळी पाच जागा मिळण्याची आशाच नव्हती.

बोट न्यायची की नाही

पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय बोटीचा. खळाळत्या पाण्यातली प्लास्टिकची कयाक आठ-नऊ फूट लांब आणि वीस किलोच्या आसपास असते. देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात मिळतात. बोट न्यायची तर क्रीडासाहित्य म्हणून आधी परवानगी, वेगळे पैसे, मोठ्या सामानाच्या वेगळ्या मशिनवर तपासणी, आणि एवढं करूनही त्या दिवशी विमानाच्या पोटात जागा असेल तर. एरवी धाडस करणारे करतात. त्या आठवड्यात ते करू नये असं माझं स्पष्ट मत होतं आणि आजही आहे. ज्या दिवशी विमानतळावरचा प्रत्येक माणूस ताणाखाली काम करतो आहे, त्या दिवशी ज्याचं काय करायचं हे काउंटरवर कोणालाच चटकन ठरवता येणार नाही असं सामान त्यांच्यासमोर ठेवू नये.

म्हणून तीन प्लास्टिकच्या कयाक ऋषिकेशच्या एका व्यावसायिकाकडून भाड्याने घेतल्या. तो त्या गाडीवर टाकून थेट मोरीला आणणार होता. दोघांनी स्वतःच्या पॅकराफ्ट घेतल्या. ही हवा भरायची एकट्याची बोट, वजन साधारण चार किलो, गुंडाळली की गुंडाळलेल्या तंबूएवढी होते. हेल्मेट, लाइफ जॅकेट, स्प्रे डेक (बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती लावायचं आवरण) आणि पॅडल, म्हणजे वल्हं, मात्र ज्याचं त्याने न्यायचं. अंगाला न बसणारं भाड्याचं लाइफ जॅकेट घालून मी कोणालाही टोन्समध्ये उतरू देणार नाही. वजन कमी करायची वेळ आली तर कपडे काढावेत, तंबू दोघांत एक करावा. बुडणाऱ्याकडे फेकायची दोरी, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट यांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरलेलं होतं.

दुसरा निर्णय वाटेचा. पुण्याहून दिल्ली आणि तिथून जोडविमानाने डेहराडून, हा नेहमीचा मार्ग. तो सोडून आम्ही दिल्लीलाच उतरायचं आणि पुढे गाडीने डेहराडून, नौगाव, पुरोला करत मोरी गाठायचं ठरवलं. रस्त्याचे तास वाढले. पण जोडविमान म्हणजे आणखी एका शिडीपाशी तपासणी, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर माणसं एकीकडे व बॅगा दुसरीकडे. हेल्मेट दिल्लीत अडकलेला कयाकर मोरीत बसून काय करणार?

पडद्यावर काय दिसतं

इथे थोडं थांबतो, कारण या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

बॅग एक्स-रे मशिनमधून जाते तेव्हा पडद्यासमोर बसलेल्या माणसाला आपली पॅकराफ्ट दिसत नाही. त्याला रंग दिसतात. सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, अधलेमधले हिरवे. जिथून किरण आरपार जात नाहीत तिथे काळा डाग. कपडे नारिंगी, खाणं नारिंगी, प्लास्टिक नारिंगी, आणि स्फोटकंही बहुतांशी त्याच रंगात येतात. आता घट्ट गुंडाळलेली पॅकराफ्ट डोळ्यांसमोर आणा: कापड आणि प्लास्टिकचा चार किलोचा एकसंध नारिंगी गठ्ठा. बहुतेक जण तिचा छोटा विजेवरचा पंप हरवू नये म्हणून त्याच गुंडाळीच्या मध्यभागी खुपसतात. पंपात बॅटरी, मोटर आणि वायर. म्हणजे दाट सेंद्रिय गठ्ठा आणि त्याच्या पोटात बॅटरी व वायर. असं चित्र पाहून ज्याने बॅग बाजूला काढली नाही, त्याने आपलं काम नीट केलं नाही असंच म्हणावं लागेल.

त्यामुळे मी गटाला एकच सूत्र दिलं होतं. आपल्याला नदीकाठी काय लवकर लागेल या हिशोबाने बॅग भरायची नाही. पडद्यावर प्रत्येक वस्तू ओळखू यावी आणि बॅग उघडलीच तर अर्ध्या मिनिटात सगळं समजावं, या हिशोबाने भरायची.

पॅकराफ्ट सैल घडी घालून बॅगेच्या तळाशी पसरून ठेवल्या, म्हणजे थर पातळ राहतो. पंप बाहेर काढून हातातल्या बॅगेत. बचावाचं साहित्य, म्हणजे कॅराबिनर (दोरी अडकवायच्या धातूच्या कड्या), पुली आणि पट्ट्या, एरवी एका पिशवीत कोंबलेलं असतं आणि पडद्यावर धातूचा एकच काळा गोळा होतो. ते जाळीच्या पिशवीत सुटं केलं. फेकायची दोरी तिच्या पिशवीतच, पण पिशवीचं तोंड उघडं. लाइफ जॅकेटवर खांद्यापाशी चाकू लावलेला असतो. तो काढून म्यानासकट चेक-इनमध्ये, कापडात गुंडाळून. तंबूच्या खुंट्या, चालायच्या काठ्या, अवजारं सगळं पोटात. औषधपेटीतली कात्री आणि ब्लेड आठवणीने वेगळं काढलं, कारण औषधपेटी हातात ठेवायची सवय असते आणि कात्री तिथे हमखास सापडते. हेल्मेटवरचा कॅमेरा त्याच्या खोबणीसकट उतरवला. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथे डोक्याला कॅमेरा अडकवून वावरणं बरं नव्हे.

आणि प्रत्येक चेक-इन बॅगेत अगदी वर एक कागद. त्यावर हिंदीत आणि इंग्रजीत त्या बॅगेतल्या सामानाची यादी, मालकाचा फोन नंबर आणि दोन फोटो: हवा भरलेल्या पॅकराफ्टमध्ये बसलेला माणूस, आणि पॅडल, हेल्मेट, लाइफ जॅकेट घातलेला तोच माणूस. बॅगांना कुलूप नाही, फक्त चेन आणि प्लास्टिकची सहज कापता येणारी पट्टी.

तीन ढीग

निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्या गच्चीवर नाशिकच्या मित्राखेरीज सगळ्यांचं सामान ओतलं आणि तीन ढीग केले: विमानाच्या पोटात जाणारं, हातात राहणारं आणि घरी राहणारं. तिसरा ढीग सर्वांत महत्त्वाचा ठरला.

चूल हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. गॅसची स्क्रूवाली डबी कुठल्याच बॅगेत चालत नाही, ती भरलेली असो वा अर्धी. तिच्यावर बसणारं बर्नर, जर त्याला इंधनाचा वास नसेल, तर पोटात जाऊ शकतं. गटात एकाकडे पेट्रोल-रॉकेलवर चालणारी जुनी चूल होती. तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम तपशीलवार आहेत: टाकी पूर्ण रिकामी करून तासभर निथळू द्यायची, मग झाकण काढून किमान सहा तास उघडी ठेवायची, शोषून घेणाऱ्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची, आणि एवढं करूनही विमान कंपनीची परवानगी हवीच. त्याने सगळं यथासांग केलं आणि कंपनीला मेल केला. कंपनीने नकार दिला. नियमाप्रमाणे तयारी केली होती, तरी त्या दिवसांत नकार मिळणं मला चुकीचं वाटलं नाही. नकार लेखी आला ही खरं तर सोय झाली, कारण काउंटरवर वाद घालायचा प्रश्नच उरला नाही. चूल तिसऱ्या ढिगात गेली. डेहराडूनला पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि त्यावर बसणारं बर्नर घ्यायचं ठरलं. लाकडं पेटवू म्हणणाऱ्याला मी आधीच थांबवलं. मोरीच्या आसपास चीडाचं, म्हणजे पाइनचं, जंगल आहे, मे महिन्यात खाली सुया वाळून पडलेल्या असतात आणि एक ठिणगी पुरते.

काडेपेटी आणि लायटर आपल्याकडे ना हातात चालत, ना पोटात. ते सगळ्यांच्या खिशांतून आणि औषधपेटीच्या कोपऱ्यांतून शोधून काढावे लागले.

पॅकराफ्टच्या दुरुस्तीचा संच तपासताना त्यात रबर चिकटवायचं सोल्युशन आणि स्पिरिटची बाटली निघाली. दोन्ही ज्वालाग्राही. चिकटपट्टीचे ठिगळ ठेवले, स्पिरिट डेहराडूनच्या औषधाच्या दुकानातून घ्यायचं ठरलं. बोटीचा विचार करताना दुरुस्तीच्या डबीकडे कोणाचं लक्ष जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

खाण्याच्या पिशवीत खोबऱ्याच्या वाट्या होत्या. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापू शकतं, आणि आपल्याकडे ते चेक-इन सामानातही बंद आहे. हे माहीत नसलेले मराठी प्रवासी मी अनेकदा बघितले आहेत. घरून प्रेमाने दिलेली लसूण-खोबऱ्याची चटणीही काढून ठेवली. ती बंदीत बसते की नाही यावर काउंटरवर चर्चा करायची आमची तयारी नव्हती. मेतकूट, भडंग, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या यांच्यावर दोन दिवस निघतात.

बॅटऱ्यांचं गणित एकदा समजलं की सोपं आहे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. १०० वॅट-तासांपर्यंत विनापरवानगी, १०० ते १६० पर्यंत कंपनीला विचारून, त्यापुढे नाहीच. २०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली की ७४ वॅट-तास येतात, म्हणजे चालते. जिच्यावरची अक्षरं पुसली गेली आहेत ती मात्र घरी ठेवावी, कारण आकडा वाचता आला नाही तर तुमच्या तोंडी गणिताला तिथे किंमत नाही. सुट्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी आणि हेडलँप खिशात आपोआप पेटणार नाहीत असे बंद केले.

एका लाइफ बेल्टमध्ये कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी होती, स्वतःहून फुगणारी. अशी दोन नळकांडी आणि वर दोन सुटी, कंपनीच्या परवानगीने नेता येतात. पण खळाळत्या पाण्यात असा पट्टा उपयोगाचा नाही, तिथे फोमचंच जॅकेट हवं. तेव्हा तोही घरी.

सर्वांत अवघड बोलणं झालं ते अमेरिकेहून आलेल्या मैत्रिणीशी. तिच्याकडे उपग्रहावरून निरोप आणि संकटाचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र होतं. तिकडे नदीवर जाणारा प्रत्येक जण ते खांद्याला लावतो. भारतात दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला नेमक्या अशाच यंत्रामुळे ताब्यात घेतलं होतं. ती मैत्रीण म्हणाली, "अरे, हे जीव वाचवायचं यंत्र आहे." ती बरोबरच होती. कायदाही स्पष्ट होता. हिमालयात जाणाऱ्यांसाठी परवान्याची सोपी वाट असायला हवी असं मला मनापासून वाटतं, पण त्या मागणीची जागा विमानतळाची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफच्या टेबलासमोर नाही. यंत्र पुण्यात राहिलं. त्याच्या बदल्यात आम्ही मोरी ते त्युणी रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो याचा फायदा घेतला: भाड्याची गाडी रोज रस्त्यावरून सोबत, ठरलेल्या वळणांवर थांबा, आणि ठरल्या वेळेत दिसलो नाही तर काय करायचं हे चालकाला कागदावर लिहून दिलेलं.

अकरा मे

साडेतीन तास आधी पोहोचलो. दाराशीच निरोप घ्यावे लागले. आत रांगा लांब होत्या, पण आवाज कमी होता.

चार बॅगा विनासायास गेल्या. पाचवा नग अडला. नाशिकच्या मित्राने पॅडल आणायला जाड पीव्हीसी पाइप वापरला होता. पॅडल दोन मीटरची, अखंड, त्यामुळे त्याला हा उपाय मजबूत वाटला. तो पहाटे नाशिकहून थेट विमानतळावर आला होता, गच्चीवरच्या तपासणीत नव्हता. पाइपची दोन्ही टोकं टोपणांनी बंद, आणि एक टोपण पक्कं चिकटवलेलं. दोन्ही बाजूंनी बंद केलेला पाइप सुरक्षेच्या माणसाला कसा दिसत असेल हे वेगळं सांगायला नको. मोठ्या सामानाच्या मशिनवर तो दोनदा फिरवला, मग बाजूला घेतला. "इसको खोलिए." एक टोपण निघालं, दुसरं निघेना. आतलं पॅडल अर्धवट बाहेर आलं आणि पातं अडकलं. जवानाचा सूर चढला नव्हता, पण तो पाइप पुढे जाणार नाही हे उघड होतं. आणि चेक-इन बंद व्हायची वेळ जवळ येत होती.

मित्राचा जीव त्या पॅडलमध्ये होता. दुसऱ्याच्या पॅडलने अवघड पाण्यात उतरणं किती अस्वस्थ करणारं असतं ते कयाकरलाच कळतं. मी त्याला म्हटलं, "राजा, पॅडल बाहेर दे. चार तुकड्यांचं एक जादा आहे आपल्याकडे." तो क्षणभर गप्प उभा राहिला. मग फोन करून बाहेर थांबलेल्या भावाला बोलावलं, दारापर्यंत जाऊन पाइप त्याच्या हातात दिला आणि परत आला. ऋषिकेशच्या माणसाला तिथूनच फोन करून भाड्याच्या कयाकबरोबर आणखी एक पॅडल टाकायला सांगितलं, नाहीतर नदीवर आमच्याकडे एकही जादा उरलं नसतं.

हे पाहून मला जे पटलं ते असं. बळकटपणा आणि पारदर्शकता यांत निवडायचं झालं तर विमानप्रवासात पारदर्शकता निवडावी. बाकीच्यांची पॅडल, दोन-दोन एकत्र करून, पुठ्ठ्याच्या उघड्या टोकांच्या वेष्टनात, पात्यांना फोम लावून बांधलेली होती. ती त्याच मशिनवरून गेली, वरून हात फिरवून पाहिला आणि पुढे.

बोर्डिंग पास हातात आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी माझं नाव पुकारलं गेलं. पॅकराफ्टची बॅग. आतल्या खोलीत नेलं, बॅग टेबलावर. उघडायला एक तरुण जवान आणि शेजारी एक महिला अधिकारी. चेन उघडताच वरचा कागद त्यांच्या हातात आला. त्यांनी तो खरोखर वाचला, ओळ न ओळ. मग फोटोकडे बोट. "ये हवा वाली नाव है?" मी हो म्हटलं. "इतनी छोटी? गंगाजी में?" टोन्स, उत्तरकाशी जिल्हा, मी सांगितलं. जवान निघाला पौडीकडचा. त्याने पॅकराफ्टची एक घडी उलगडली, हवेची झडप पाहिली, सॅम्पलची पट्टी कापडावर आणि माझ्या हातांवर फिरवून स्फोटकांचा अंश शोधणाऱ्या मशिनमध्ये घातली. हिरवा दिवा. सगळं मिळून पाचेक मिनिटं. पंप त्याच बॅगेत गुंडाळलेला असता तर त्याला पाच मिनिटं पुरली नसती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शिडीपाशी दुसरी तपासणी होते तेव्हा तिथे एक्स-रे नसतो. बॅग हाताने उघडून पाहतात, आणि मागे अख्खं विमान रांगेत असतं. हातातल्या बॅगा आम्ही याच प्रसंगासाठी भरल्या होत्या. वरच्या थरात एका पारदर्शक पाउचमध्ये पंप, पॉवर बँक, हेडलँप आणि सेल, खाली कपडे, बाकी काही नाही. पाउच काढून हातात धरला, "बोट का पंप, बैटरी" एवढंच बोललो आणि पुढे गेलो. आमच्या पुढच्या एका प्रवाशाच्या बॅगेतून चार्जर, वायरी आणि डब्यांचा गुंता बाहेर येत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा घाम पाहून वाईट वाटलं. बिचाऱ्याने काहीच गैर नेलं नव्हतं.

येताना

परतीच्या सामानाकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, आणि माझ्या अनुभवात जास्त सामान अडतं ते परतीलाच. जाताना सगळं कोरडं, धुतलेलं, मोजलेलं असतं. येताना निओप्रीनचे, म्हणजे रबरी कापडाचे, स्प्रे डेक आणि बूट पाण्याने जड होतात, लाइफ जॅकेटचा फोम ओल धरतो आणि १५ किलोची बॅग १९ दाखवते. त्यासाठी डेहराडूनला एक दिवस मुद्दाम ठेवला होता, हॉटेलच्या गच्चीवर सामान वाळवायला. वाळू झटकली, पॅकराफ्ट आतून-बाहेरून पुसल्या, हातकाट्यावर प्रत्येक बॅग पुन्हा तोलली.

सिलिंडर परत केला. तिकडे घेतलेलं बर्नर आता वापरलेलं होतं. गॅसचा वास सहजी जात नाही, म्हणून ते साबणाने धुऊन रात्रभर उघड्यावर ठेवलं आणि सकाळी पाचही जणांनी आळीपाळीने हुंगून पाहिलं. दोघांना वास आला. बर्नर गाडीच्या चालकाला देऊन टाकलं. स्पिरिटची अर्धी बाटली तिथल्याच एका दवाखान्यात दिली. चाकू पुन्हा जॅकेटवरून काढला, कारण नदीवर तो परत चढवलेला असतो आणि परतीच्या थकव्यात तिथेच राहतो. सामानाचा कागद नव्याने लिहिला, आणलेल्या राजमा आणि सफरचंदाच्या जॅमसकट.

दिल्लीत एकही बॅग उघडली नाही. फक्त पंपाबद्दल विचारलं गेलं, आणि पाउचमधून काढून दाखवल्यावर ते तिथेच संपलं.

नाशिकच्या मित्राने पीव्हीसीचा पाइप आता करवतीने लांबीत उभा चिरला आहे. दोन्ही अर्ध्या पन्हाळी कापडी पट्ट्यांनी बांधल्या की पॅडल सुरक्षित राहतं आणि पट्ट्या सोडल्या की पूर्ण उघडतं. विमान कंपन्यांना मी वेगवेगळ्या तारखांना मेल करून अशा वेष्टनाबद्दल विचारलं. एकीने लांबीची मर्यादा कळवली, दुसरीने क्रीडासाहित्याचा अर्ज पाठवला, तिसरीचं उत्तर अजून यायचं आहे. आलेली दोन्ही उत्तरं छापून पॅडलच्या वेष्टनाला आतून चिकटवली आहेत.